रावणाची मान

महिपत तात्यांचं डोकं दुपारी दुखायला लागायचं. सकाळी उठताना मान तेवढी धरलेली असायची. मग कामावर जाऊन चार चिरे उचलले, एखादा थर चढवला, की कवटी जिथे मानेवर बसते तिथून उजव्या बाजूने काहीतरी वर सरकायला लागायचं. कानामागून वर चढून, पुढे उजव्या डोळ्याच्या मागे येऊन ते ठाण मांडून बसायचं. मग तात्या घरी यायचे, पडवीतल्या बाकावर आडवे व्हायचे, डोक्याला ओला पंचा घट्ट बांधायचे आणि दिवेलागणीपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.

मी त्यांच्याच घराच्या एका बाजूला राहते. मूळची गुहागरची. इथल्या शाळेत बदली झाली तेव्हा राहायचं कुठे या काळजीत होते, तर तात्यांच्या बायकोने, हौसाकाकींनी, पडवीलगतच्या दोन खोल्या झाडून-पुसून दिल्या आणि वर म्हणाल्या, "बाई, आमचा रितेस मुंबयत ऱ्हातो, खोल्या रिकाम्याच हायत. माणसाचा आवाज तरी व्हईल." हातखंब्याहून आत वळलं की डोंगराच्या पोटात ही घवाळीवाडी. पुढे नदी, मागे काजूची झाडं, आणि मधल्या सपाटीवर ग्रामदेवीची सहाण. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो दगडी चौथरा.

तात्या जांभ्या दगडाचे गवंडी. आजूबाजूच्या चार गावांत त्यांनी बांधलेली घरं आहेत, आणि गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, तर किती आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण "महिपत गवंडी कुठे राहतो" असं विचारलंत तर एखादा विचारात पडेल. "रावण कुठे राहतो" असं विचारलंत तर लहान पोरगंसुद्धा बोट दाखवेल.

आमच्या गावच्या शिमग्यात नमनाचा खेळ असतो. मृदंग वाजतो, गवळणी येतात, काळ्या कपड्यांतला संकासूर पोरांच्या मागे धावतो, आणि दिवस मावळायला आला की सर्वांत शेवटी रावण निघतो. रावणाचा मुखवटा लाकडी आहे. मधला मोठा चेहरा नाचणाऱ्याच्या डोक्यावर बसतो आणि बाकीची तोंडं दोन्ही बाजूंना फळीवर ओळीने जोडलेली. तोंडं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, पण फळी फणसाची, जुनी आणि चांगली जाड. हे सगळं डोक्यावर चढवून हनुवटीखाली आणि मानेमागे फडक्याने आवळून बांधायचं, आणि मृदंगाच्या तालावर सहाणेभोवती गरगर फिरायचं. मधल्या चेहऱ्याच्या तोंडाला एक फट आहे. आतल्या माणसाला तिच्यातून आपले पाय आणि समोरची हातभर जमीन, एवढंच दिसतं.

तात्यांच्या आधी त्यांचे चुलते सदू रावण व्हायचे. त्यांच्याकडून तो मान तात्यांकडे आला तेव्हा तात्यांना नुकती मिसरूड फुटली होती. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.

मी इथे आल्यावर पाहिलेला पहिलाच शिमगा होता तो. रावण निघाला, बायका उभ्या राहिल्या, मुलं आईच्या कमरेला चिकटली. एवढं मोठं लाकडी धूड, पण ते असं डुलत होतं की वाऱ्यावर लहरणारं भाताचं शेत वाटावं. तात्यांनी एक फेरी घेतली, दुसरी घेतली, मृदंगाने लय वाढवली, आणि रावणाने गर्रकन मान फिरवली. तशीच ती अडकली. मला वाटलं हाही खेळाचाच भाग. मग रावण एका बाजूला झुकत गेला, सहाणेच्या कडेच्या खांबावर आदळला आणि तात्या गुडघ्यांवर बसले.

मृदंग थांबला. चार जणांनी मुखवटा उचलला. एका तोंडाच्या नाकाचा टवका उडाला होता. म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर पदर धरला. देवीच्या कामांचा मानकरी, गावकार गंगाराम, पुढे झाला, त्याने नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घातलं. तात्या उठून उभे राहिले, उजवा डोळा तळव्याने दाबून धरला आणि म्हणाले, "फुडल्या वर्साला दुसरा रावण बघा."

त्या दिवसापासून तात्या बदलले असं हौसाकाकी सांगायच्या. डोकेदुखी जुनीच होती. शिमगा झाला की ती महिनाभर जास्त व्हायची, मग जरा ओसरायची. पण आता ती ओसरेना. आणि त्याहून वाईट म्हणजे तात्या तिचा अर्थ लावत बसले.

"रावण कधी पडला नव्हता," ते मला एकदा म्हणाले. "काकाच्या वक्ताला नाय, त्याच्या आदी नाय. म्हंजे माज्या हातून काय तरी चुकलं आसल. देवी रागावली आसल."

"तात्या, तुमचं डोकं तर आधीपासून दुखतंय ना? पडलात नंतर."

"मंग आदीपास्नं रागावली आसल."

तात्यांनी देवीला नारळ दिला, गावच्या राखणदाराला कोंबडा दिला. हौसाकाकींनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. कोणी म्हणालं चष्मा लागला असेल, म्हणून चष्मा आणला. त्याने पेपर वाचता यायला लागला, डोकं होतं तसंच राहिलं. कोणी म्हणालं पित्त. मग आमसुलाचं सार सुरू झालं. गोळ्या घेतल्या की दोन तास बरं वाटायचं आणि पोट बिघडायचं. माझ्या खोलीतून मला त्यांचं कण्हणं ऐकू यायचं नाही, कारण ते कण्हत नसत. बाकाचं लाकूड फक्त करकरायचं, कुशी बदलल्यावर.

मग भाताच्या कापणीनंतर एके दिवशी शेजारच्या वाडीत काम चालू असताना तात्या परांचीवर उभे होते. खालून कोणी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाहीत. भिंतीला धरून हळूहळू खाली उतरले, थापी-ओळंबा पिशवीत घातला आणि घरी आले. घरी काही सांगितलंही नाही. पण गावात अशी बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

हौसाकाकी चुलीवरची भाकरी उलथत होत्या. त्यांनी पाठ न वळवताच सांगितलं, "उद्या रत्नागिरी."

"काय कराया?"

"डोका दाखवाया. देवीला काय सांगायचा ता मी सांगंन. तुमी डाक्टरला सांगा."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मीही निघाले, कारण शहरातल्या दवाखान्यात कुठे बसायचं, कोणाला काय विचारायचं, याची काकींना धास्ती वाटत होती. डॉक्टरांनी तात्यांना नीट तपासलं. रक्तदाब पाहिला, डोळ्यांत उजेड टाकला, हातापायांतली ताकद पाहिली, हवे ते फोटो काढून घेतले. त्यात दोन-चार फेऱ्या झाल्या. शेवटी ते म्हणाले, "महिपतराव, तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही. दुखणं मानेतलं आहे. ते डोक्यात जातंय एवढंच." आणि मारुती मंदिरच्या मागच्या रस्त्यावरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे त्यांनी पाठवलं. तिचं नाव मनस्विनी.

डॉक्टर मनस्विनी तशा लहान चणीच्या, वयाने तिशीच्या पुढे, आणि बोलताना समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देणाऱ्या. त्यांनी तात्यांना पाठीवर झोपवलं, मान दोन्ही तळव्यांत घेतली, हनुवटी छातीकडे आणली आणि डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हळूच वळवलं. डावीकडे ते छान वळलं. उजवीकडे थोडंसं जाऊन अडकलं, कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं.

मग त्यांनी कवटीच्या खाली, मानेच्या उजव्या अंगाला, एका जागी बोट ठेवलं आणि दाबलं.

तात्या ओरडले. "ह्येच! ह्येच ता!"

"काय होतंय?"

"डोळ्यामागं गेलं. सरळ डोळ्यामागं. तुमी हितं दाबताव नि त्ये थितं दुखतंय."

"रोजचं दुखणं असंच?"

मी पाहिलं तर तात्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते दाबल्यामुळे नव्हते. इतकी वर्षं हे दुखणं त्यांच्या एकट्याचं होतं. ते कुठे आहे हे दाखवायला त्यांनी कितीदा कपाळावर, डोळ्यावर, कानामागे हात नेला असेल. आज दुसऱ्या माणसाच्या बोटाने पहिल्यांदा त्याचं घर शोधून काढलं होतं.

"मानेच्या वरच्या मणक्यांपासून निघणाऱ्या नसा आणि डोक्याच्या, चेहऱ्याच्या नसा आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यामुळे मेंदूला कळत नाही की ओरडतंय कोण. ओरडते मान, आणि त्याला वाटतं डोळा. तुम्ही डोक्यावर ओझं वाहता का?"

"चिरे वाहिले की जलमभर."

"आणि रावण," हौसाकाकी म्हणाल्या.

"रावण?"

मग तिथे सगळी कथा झाली. मुखवटा, फळी, फडकं, गर्रकन मान फिरवणं, खांब, नाकाचा टवका. डॉक्टरांनी मध्ये एकदाही हसू आणलं नाही. ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे देवी रागावलेली नाही. मान रागावली आहे."

तात्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर सावरला. "मी म्हंटलंच व्हतं," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तो पदर सावरण्यातच सगळं आलं.

उपचार सुरू झाला तेव्हा मात्र दोघांची निराशा झाली. डॉक्टरांनी तात्यांना पालथं झोपवलं, डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा चढवला, काकींना आणि मलाही तसेच चष्मे दिले, आणि एका छोट्या यंत्राला वायरने जोडलेली, पेनापेक्षा थोडी जाड अशी दांडी हातात घेतली. तिच्या टोकाला लाल उजेड होता. ते टोक त्यांनी मानेवर एका जागी टेकवलं, थोडा वेळ थांबल्या, मग जरा बाजूला टेकवलं.

काळा चष्मा लावून काकी स्टुलावर ताठ बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी दम धरला.

"कवा सुरू व्हनार?" तात्यांनी उशीतून विचारलं.

"सुरू आहे, काका."

"मला तर काय लागत नाय."

"लागणारच नाही. हा लेसर आहे, पण कापणारा नव्हे, अगदी कमी ताकदीचा. उजेड आत स्नायूंपर्यंत जातो. आतली सूज आणि दुखणं कमी व्हायला त्याची मदत होते."

"ह्या बॅटरीनं?" काकींना राहवलं नाही. "आमच्या घरात ह्याच्यापरीस मोटी बॅटरी हाय."

आता मात्र डॉक्टर हसल्या. "तुमच्या बॅटरीचा उजेड सगळीकडे पसरतो, काकी. हा एका रेषेत जातो. पण मी खोटं सांगणार नाही. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि नुसत्या उजेडावर भागतही नाही. हा दुखणं जरा मागे सारतो. तेवढ्या वेळात मानेला व्यायाम देऊन ताकद आणायची, ते काम काकांनाच करावं लागेल. काका करणार नसतील तर मी यंत्र बंद करते."

"करीन," तात्या उशीतून म्हणाले.

येताना बसमध्ये साळवी स्टॉप गेल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "भाजलं नाय, टोचलं नाय, कडू लागलं नाय. आसलं औषद आसता व्हय?" एखादं दुखणं बरं व्हायचं तर आधी थोडं सोसायला हवं असा त्यांचा हिशोब होता. तात्यांचाही तोच असावा, कारण त्या दुपारी डोकं ठरल्या वेळी दुखलं आणि ते दुखल्याचं त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

तरी ते जात राहिले. सुरुवातीला मी बरोबर जायचे, मग माझी गरज राहिली नाही. आणि इथे एक गंमत झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तात्या आणि काकी दोघंच मिळून कधी शहरात गेली नव्हती. जायची ती लग्नकार्याला, नाहीतर कोणी आजारी पडलं म्हणून, आणि सोबत कायम चार माणसं. आता दवाखान्यातून सुटल्यावर परतीच्या बसला वेळ असायचा. पहिल्यांदा ती दोघं स्टँडवर नुसती बसून राहिली. पुढच्या खेपेला काकी म्हणाल्या, मासळी बाजार बघून येऊ. त्याच्या पुढच्या खेपेला मांडवीच्या जेटीवर जाऊन बसली. तिथे काकींनी भेळ खाल्ली, त्याचं वर्णन मी तीनदा ऐकलं. एकदा तर काकी नवी साडी नेसून निघाल्या, आणि वाडीतल्या बायकांनी विचारलं, "हौसा, कोनाचा साकरपुडा?" तर म्हणाल्या, "धन्याच्या मानेचा."

घरी तात्यांचा व्यायाम चालायचा. त्यात मुख्य प्रकार म्हणजे ताठ बसायचं, नजर समोर ठेवायची आणि हनुवटी आत ओढून घ्यायची, म्हणजे मानेचा मागचा भाग लांब होतो. दिसायला ते कोंबडीने मान मागे घ्यावी तसं दिसतं. तात्या पडवीत करायचे, बस थांब्यावर करायचे, चिऱ्याला चुना-सिमेंट लावता लावता मध्येच थांबून करायचे. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कवायतीच्या तासाला सगळा वर्ग हनुवट्या आत ओढून उभा. मी रागावणार होते, मग लक्षात आलं की वाकून वाकून लिहिणाऱ्या या पोरांना याची गरज आहेच. तेव्हापासून आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर "रावणाचा व्यायाम" असतो.

चिरे डोक्यावरून नेणं तात्यांनी सोडलं. दोन माणसांनी पाटावर घालून न्यायचं असं त्यांनी ठरवलं, आणि बरोबरच्या गड्यांनाही तेच करायला लावलं. कोणी हसलं तर तात्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "हसा. मंग या माज्यासंगं बॅटरी मारून घ्याया."

गुण कधी आला ते नेमकं कोणालाच सांगता येणार नाही. एका सकाळी उठले आणि बरे झाले असं काही घडलं नाही. आधी झोप लागायला लागली. मग उजव्या कुशीवर झोपता यायला लागलं. मग एका रविवारी मी ओटीवर वह्या तपासत बसले होते, काकी काजूच्या बिया निवडत होत्या, आणि तात्या अंगणाच्या कडेचा ढासळलेला गडगा लावत होते. ऊन उतरलं, काकींनी चहा टाकला, तात्या हात धुऊन आले, बशीत चहा ओतला आणि ओठांपाशी नेता नेता थांबले.

"काय झालं?" काकी घाबरल्या. "दुखतंय?"

"नाय."

"मंग?"

"आज दुपार झाली कवा?"

आम्हाला कळेना. तात्या बशी तशीच हातात धरून अंगणाकडे बघत होते. "मी पंचा बांदलाच नाय," ते म्हणाले. "यादच झाली नाय."

काकी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताटलीभर घावणे होते. ते त्यांनी कधी घातले, की सकाळचेच होते, मी विचारलं नाही. आम्ही तिघांनी ते चहाबरोबर खाल्ले आणि तात्यांनी अंधार पडेपर्यंत गडगा लावला.

शिमगा जवळ आला तसा एक प्रश्न घरात फिरायला लागला, पण तो कोणी बोलून दाखवेना. मान बरी आहे. मग रावण? गावकार गंगाराम येऊन गेला, पानसुपारी झाली, गावच्या पाण्याच्या टाकीवर बोलणं झालं आणि उठताना तो म्हणाला, "महिपत, आजून कोन ठरवलेला नाय. तू म्हनशील तसा."

पुढच्या खेपेला तात्यांनी डॉक्टरांना विचारलं. मला हे काकींनी सांगितलं. तात्या उठून बसले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "येक इचारू? येकदाच. येक दिवस. थोडाच येळ. नाचू?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. "काका, मी तुम्हाला अडवू शकत नाही. मान तुमची आहे. पण ते ओझं डोक्यावर घेऊन गर्रकन मान वळवलीत तर आपण जिथून निघालो तिथेच परत जाऊ. कदाचित त्याच्याही मागे."

"आनि नाय नाचलो तर?"

"तर अधूनमधून थोडं दुखेल. तुम्ही व्यायाम कराल, लागलं तर इथे याल, आणि वीस वर्षं गडगे बांधाल."

तात्या त्या दिवशी मांडवीला गेले नाहीत. स्टँडवर बसून राहिले. बस सुटायच्या बेताला ते काकींना म्हणाले, "आपला गुरुप्रसाद कसा हाय?"

गुरुप्रसाद आमच्या वाडीतला, टेम्पो चालवतो. बांध्याने दणकट, नमनात आजवर गवळणींच्या मागे झांजा वाजवायचा. तात्यांनी त्याला बोलावून विचारलं तेव्हा तो आधी लाजला, मग दुसऱ्या दिवशी टेम्पो लवकर उभा करून अंगणात हजर झाला. मुखवटा देवळाबाहेर काढता येत नाही, म्हणून तात्यांनी त्याच्या डोक्यावर भाताची रिकामी, लहानशी कणगी ठेवली आणि तिच्यावर आडवा बांबू बांधला. तसल्या सोंगाने गुरुप्रसाद रोज संध्याकाळी आमच्या अंगणात रावण शिकायचा.

तात्या चांगले शिकवत. मला धंद्यामुळे हे कळतं. "मान नको फिरवू," ते ओरडायचे. "पाय फिरव! पाय फिरले की कंबर फिरती, कंबर फिरली की रावन फिरतो. मी मान फिरवली, म्हनून ही गत झाली. आता परत."

मधेच ते उठून स्वतः दोन पावलं टाकून दाखवायचे. डोक्यावर काही नसताना त्यांचं नाचणं इतकं हलकं होतं की गुरुप्रसाद कणगी खाली ठेवून बघत राहायचा.

दादू सुताराला तात्यांनीच गाठलं. टवका उडालेलं नाक त्याला बसवायचंच होतं. तात्यांनी त्याला आणखी एक काम सांगितलं. मुखवट्याच्या आत खांद्यांवर टेकेल अशी एक चौकट करायची, म्हणजे सगळा भार खांद्यांवर आणि पाठीवर जाईल, डोकं मोकळं राहील. मुखवट्याच्या लाकडाला धक्का लावायचा नाही. दादू म्हणाला, होईल, पण देवीला विचारायला हवं. गावकरी देवळात बसले. गाऱ्हाणं घातलं. कौल लावला, तो उजवा मिळाला. गंगाराम म्हणाला, "देवीचीबी ना नाय. तिला काय, रावन उबा ऱ्हायला म्हंजे झाला." मग कोणीतरी सदू चुलत्यांची आठवण काढली. म्हातारपणी तेसुद्धा डोक्याला फडकं बांधून बसायचे. सगळ्यांना वाटायचं ती त्यांची सवय.

शिमग्याच्या दिवशी तात्यांनी सकाळीच गुरुप्रसादला नारळ दिला. मुखवटा चढवताना फडकं त्यांनी स्वतः बांधलं, खांद्यांवरची चौकट हलवून पाहिली, आणि मग त्यांना काय करावं सुचेना. आजवर या वेळी ते आत असायचे.

"हितं या," काकींनी हाक मारली. त्या बायकांच्या घोळक्यात सहाणेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. पुरुष बायकांत बसत नाहीत, पण त्या दिवशी कोणी काही म्हटलं नाही. तात्या जाऊन काकींच्या शेजारी बसले. मी त्यांच्या मागच्या पायरीवर होते.

मृदंग घुमला. ऊन तांबूस झालं होतं. देवळाच्या बाजूने रावण आला.

तात्या एकदम पुढे सरकले. त्यांचं तोंड उघडं राहिलं. सगळी तोंडं एका ओळीत, रंगवलेल्या मिशा, वटारलेले डोळे, मावळतीचा उजेड थेट त्यांवर. रावण डुलला, पायांवर फिरला आणि पूर्ण सहाणेवर त्याची सावली पडली. पोरं किंचाळली. कोणीतरी आजी हात जोडून उठली.

"हौसा," तात्या म्हणाले, "ह्यो आसा दिसतो?"

"मंग कसा दिसनार?"

"ल्हानपनी काका नाचायचा तवा मी भ्यानं डोळं झाकून घ्यायचो. मंग कवा बघितलाच नाय."

काकींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. गावातल्या एकूणएक माणसाने दर वर्षी पाहिलेला रावण, एका माणसाने सोडून.

"मी तर फकस्त माजे पाय बघायचो," तात्या म्हणाले.

"मी बघायची सगळा," काकी म्हणाल्या. "लगीन होऊन आली त्या वर्सापास्नं. लय चांगले दिसायचात."

"ह्या पोरापरीस?"

काकींनी नीट विचार केला. "पोरगा उंच हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी नाचायचात तवा वाटायचं, ह्या रावनाला काय तरी दुखतंय. मला भ्या वाटायचा नि दयाबी यायची. ह्याचा नुसता भ्या वाटतो."

तात्या हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. रावण आमच्यासमोरून फिरून गेला, त्याच्या पायांची धूळ पायरीवर आली, आणि तात्या त्या धुळीतून त्याला ओरडून सांगत होते, "पाय! गुरुप्रसाद, पाय!"

आता पावसाळा संपत आलाय. तात्या अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी मनस्विनी डॉक्टरांकडे एखादी फेरी मारतात. थंडी पडली किंवा परांचीवर जास्त वेळ वर बघून काम झालं की मान थोडी कुरकुरते. डोक्यापर्यंत क्वचितच पोचते. काकी बरोबर जातातच. गेल्या खेपेला तात्यांचं काही दुखत नव्हतं, तरी दोघं गेली. मी विचारलं तर काकी पायरीवर चपला शोधता शोधता म्हणाल्या, "दुखत नाय म्हनून काय झाला? येवडा गुन दिला, जाऊन सांगाया नको?"

संध्याकाळी परत आली तेव्हा तात्यांच्या हातात बांगडे भरलेली पिशवी होती. मासे ताजे होते. आम्ही रात्री त्यांचं झणझणीत तिखलं केलं.